अर्धा पेला चहा

दिवा मीच पाठवला. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळला, वरून टॉवेलची घडी घातली आणि बोटीवर सामान पोचवणाऱ्या माणसाच्या हातात दिला. "जपून ने, त्याची चोच लगेच तुटते," असंही वर सांगितलं. त्याला आठ दिवस झाले. आज संध्याकाळपासून मला तो दिवा एकाच जागी दिसतोय. दुसऱ्या कोणाच्या तरी तेलघाण्यामागच्या खड्ड्यात, दोराच्या टोकाला, शांत जळताना. आणि त्याच्यामागून शिडीवरून उतरणारे दोन पाय. ते पाय अम खमीस यांचे आहेत.

अम म्हणजे काका. आमच्या घाण्यावर लहानथोर सगळे त्यांना अम खमीसच म्हणायचे, त्यांच्याहून वीस वर्षांनी मोठे असलेले माझे सासरेसुद्धा. खमीस केर्केन्ना बेटावरचे. आमच्या स्फाक्स शहराच्या बंदरातून बोटीनं सव्वा तास. तिथं मासे आणि खजुराची झाडं सोडली तर काही नाही, असं ते स्वतः म्हणायचे, आणि दुसऱ्या कोणी म्हटलं की बिनसायचं. ऑक्टोबर सरत आला की खांद्याला पिशवी, पिशवीत आमच्यासाठी वाळवलेला ऑक्टोपस, असे दारात उभे राहायचे. "लेल्ला रफीका, समुद्रानं सुट्टी दिली, आता तुम्ही कामाला लावा," म्हणायचे; लेल्ला म्हणजे बाईसाहेब, ती मी. फेब्रुवारीत ऑलिव्हचं शेवटचं पोतं पिळून झालं की परत. असे बेचाळीस हंगाम. त्यांची पोरं तिकडेच वाढली, लग्नं होऊन गेली. त्यांच्या बायकोनं, मन्नूबियानं, बेचाळीस हिवाळे एकटीनं काढले.

ते आमचे मुकादम होते, पण हुकूम सोडताना मी त्यांना क्वचितच पाहिलं. त्यांचं सगळं काम नाकावर चालायचं. ट्रक दारात थांबला की ताडपत्री निघायच्या आत सांगायचे, माल दक्षिणेचा आहे आणि चार दिवस पोत्यात पडून आहे. शेतकरी शपथा घ्यायचा. अम खमीस म्हणायचे, "बाबा, तू माझ्या कानाशी बोलतोयस. तुझा माल माझ्या नाकाशी बोलून गेला." लोक हसायचे, शेतकरीही शेवटी हसायचा.

हंगामाचं पहिलं तेल आलं की सातूची भाकरी मोडून त्यात बुडवायची आणि पहिला घास त्यांनी घ्यायचा, हा आमच्याकडे रिवाज होता. डोळे मिटायचे. सगळे थांबलेले. मग म्हणायचे, "कोवळा बदाम आहे. मागून टोमॅटोचं पान. आणि अगदी शेवटी..." आणि तिथंच थांबायचे. शेवटी काय ते कधी पुरतं सांगायचे नाहीत. "ते ज्याचं त्यानं शोधायचं," म्हणायचे.

आता त्या खड्ड्याचं सांगते. ऑलिव्ह पिळलं की तेलाबरोबर काळपट पाणी निघतं, त्याला आम्ही मर्जीन म्हणतो. ते घाण्यामागच्या बांधीव खड्ड्यात साठतं आणि उन्हाळाभर कुजतं. हंगाम सुरू व्हायच्या आधी पाणी उपसून तळाचा गाळ काढावा लागतो. चार मीटर खोल खड्डा, आणि वर एक माणूस जेमतेम जाईल एवढंच तोंड.

तो उपसायचा दिवस म्हणजे अम खमीस यांचा दिवस. आदल्या वर्षीचं थोडं तेल घालून ते मातीचा दिवा पेटवायचे आणि दोरानं खाली सोडायचे. मग खड्ड्याच्या तोंडाशी बसून चहाचा एक पेला प्यायचे, सावकाश. पेला संपेपर्यंत दिवा जळत राहिला तर हवा चांगली. विझला तर त्या दिवशी काम बंद. पेला संपला की कमरेला कोळ्यांची गाठ मारून दोर बांधायचे, बिस्मिल्ला म्हणायचे आणि पहिले स्वतः उतरायचे. मुकादम आधी, बाकीचे मागून. यात बदल नाही. दोर बांधल्याशिवाय ते कधीच उतरले नाहीत. त्यांचे वडील समुद्रावर गेले होते ते परत आलेच नव्हते, दोराची शिस्त तिथून आली असावी.

मी या घरात आले तेव्हा रसायनशास्त्राची पदवी घेऊन आले होते, आणि पुढं शाळेत तेच शिकवलं. पहिल्याच वर्षी हा दिव्याचा प्रकार पाहिला आणि सासऱ्यांना म्हटलं, "बाबा, दिवा फक्त प्राणवायू आहे की नाही ते सांगतो. कुजलेल्या पाण्यातून दुसरा वायू निघतो, सडक्या अंड्याच्या वासाचा. तो माणसाला मारतो आणि दिवा तसाच जळत राहतो."

सासरे पेपर वाचत होते. चष्म्यावरून बघत म्हणाले, "पोरी, हा दिवा माझ्या आजोबांच्या वेळचा आहे. तुझं कॉलेज कधीचं?"

सगळे हसले. मीही हसले, नवी सून होते. अम खमीस तेव्हा तिथं नव्हते, बाहेर पोती मोजत होते. मी बाहेर जाऊन त्यांना तेवढंच सांगायला हवं होतं. दार दहा पावलांवर होतं.

नवरा गेला आणि घाणा माझ्या नावावर आला. त्याच वर्षी कामगार खात्याचे निरीक्षक आले. सभ्य माणूस. खड्डा पाहिला आणि यादी लिहून दिली: वायू मोजायचं यंत्र, हवा खेळवायला पंखा, उतरणाऱ्याला सुरक्षेचा पट्टा, तोंडाशी कायम एक माणूस, आणि प्रत्येक वेळी नोंदवहीत नोंद. मला मनातून सुटल्यासारखं वाटलं. म्हटलं, आता कायद्यानंच सांगितलंय, सासऱ्यांच्या फोटोलाही बोलता येणार नाही. यंत्र मागवलं, हाताच्या पंजाएवढं, पिवळं. आणि कार्यालयातल्या कपाटात ठेवलं.

ते कपाट पाहुण्यांचं. सोनेरी काठाचे चहाचे पेले त्यात, चांदीचा ट्रे त्यात. आमच्याकडे मोलाची वस्तू वापरत नाहीत, जपतात. यंत्र खड्ड्याशी नेलं तर चिखल लागेल, कोणाच्या हातून पडेल, म्हणून ते पेल्यांशेजारी बसलं. निरीक्षक यायचे त्या दिवशी पेलेही बाहेर निघायचे आणि यंत्रही. त्याच्या काचेवरचं पातळ प्लास्टिक तीन वर्षं कोणी काढलं नव्हतं.

नोंदवही मात्र चोख होती. ती मी लिहायची. माझं अक्षर चांगलं आहे, शाळेत फळ्यावर लिहून वळण आलेलं. तारीख, वेळ, प्राणवायू वीस पूर्णांक नऊ दशांश टक्के, विषारी वायू शून्य. शेवटच्या रकान्यात अम खमीस यांची सही. त्यांना नाव तेवढं लिहिता यायचं. मी बोट ठेवायची तिथं ते लिहायचे, जीभ दातांत धरून, शाळेतल्या मुलासारखे. एकदा विचारलं त्यांनी, "लेल्ला, यात काय लिहिलंय?"

"हवा चांगली होती असं."

"मग बरोबर आहे," म्हणाले.

पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. माझा मुलगा वजदी तेव्हा तेवीस वर्षांचा, नुकताच घाण्यावर बसायला लागला होता. त्याला दाखवायचं होतं की आपण नुसते खुर्चीतले मालक नाही. दिवा खाली गेला होता, चहा ओतला होता, आणि हा दोर कमरेला बांधून तयार.

अम खमीस यांनी हातातला पेला खाली ठेवला, अर्धा. "सोड तो दोर."

"अम खमीस, या वर्षी मी आधी. तुमचे गुडघे बघा."

"माझे गुडघे तुझ्या बापाच्या लग्नात नाचलेत. सोड. मुकादम आधी. तुला काही झालं तर तुझ्या आईला काय तोंड दाखवू?"

मी कार्यालयाच्या खिडकीत होते. हे सगळं ऐकलं, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं.

ते उतरले. तीन पायऱ्यांवर थांबले, नाक वर करून हुंगलं, मग पुढं गेले. तळाशी पोचले आणि बसले. वरून बघणाऱ्यांना वाटलं, वाकून गाळ बघतायत. मग आडवे झाले. वजदी ओरडत तोंडाकडे धावला, उडीच टाकणार होता. दोघांनी त्याला पट्ट्याला धरून मागं ओढलं, बाकीच्यांनी दोर ओढला. कोळ्यांची गाठ होती, सुटली नाही. मागोमाग कोणीतरी दिव्याचा दोरही वर ओढला. दिवा जळत होता.

इस्पितळात चौथ्या दिवशी ते नीट बोलले. "लेल्ला, आधी वास होता, घाणेरडा. तिसऱ्या पायरीवर एकदम गेला. मला वाटलं, हवा साफ झाली." मग माझ्याकडे बघून हसले. "माझीच चूक. चहा अर्धाच झाला होता. घाई केली. दिव्याला वेळ द्यायला हवा होता."

वास का गेला ते मला माहीत होतं. तो वायू जास्त झाला की आधी नाकच बधिर करतो. हे मी वर्गात शिकवलेलं आहे, परीक्षेत विचारलेलं आहे. मी त्यांच्या पांघरुणाचा कोपरा नीट केला आणि म्हटलं, "आता बोलू नका, आराम करा."

चौकशी झाली. निरीक्षकांनी विचारलं, यंत्र होतं का? होतं. नोंदवही? ही घ्या. मग त्या दिवशी यंत्र का नेलं नाही? मी म्हटलं, मुकादम विसरले. अम खमीस यांनाही विचारलं, तर ते म्हणाले, चूक माझी. अहवालात एक ओळ आली: कामगाराने उपलब्ध साधन वापरले नाही. मला लेखी समज मिळाली आणि प्रकरण मिटलं.

ते वाचले, पण नाक गेलं. कायमचं. डॉक्टर म्हणाले, येईल कदाचित. आलं नाही. ते बेटावर परत गेले, ऑक्टोबरात आणि फेब्रुवारीतही तिथंच राहायला.

आमच्या घाण्यावर आता खड्ड्यात कोणी उतरतच नाही. वजदीनं बाहेरून ओढणारा पंप आणला, तोंडावर जाळी बसवली, कुलूप घातलं, किल्ली स्वतःच्या खिशात. यंत्र रोज खड्ड्याशी जातं, चिखलानं भरतं, दर सहा महिन्यांनी तपासून येतं. तरी पंप लावायच्या दिवशी मी त्याला तीनदा फोन करते. "उम्मी, मी खड्ड्यापासून वीस मीटरवर आहे," तो म्हणतो, "आणि तुझे फोन घेतच तिथून लांब आलोय."

दर नोव्हेंबरात पहिलं तेल आलं की बोटीनं एक डबा केर्केन्नाला जातो. संध्याकाळी अम खमीस यांचा फोन येतो. जिभेला कडू-तिखट कळतं त्यांना, बाकी काही नाही.

"सांगा लेल्ला, यंदा कसं आहे?"

मी भाकरी बुडवते आणि त्यांना सांगते. "कोवळा बदाम आहे. ताजं कापलेलं गवत."

"टोमॅटोचं पान?"

"आहे, थोडं."

"आणि शेवटी?"

मी पुन्हा हुंगते, पण मला शेवटी काही सापडत नाही. माझं नाक साधं. तिकडे ते थांबलेले असतात, श्वास ऐकू येतो. मग स्वतःच म्हणतात, "असू दे. असतं ते. तिथंच असतं." मागून मन्नूबिया ओरडते, "पुरे आता, त्या बाईंचा जीव घ्याल." पाच वर्षं झाली, आणि मी अजून घाण्याच्या दारात ट्रक थांबला की त्यांना काही विचारायला वळते.

पंधरा दिवसांपूर्वी फोन आला, हंगामाच्या आधीच. "लेल्ला, माझा दिवा आहे का हो अजून?"

"आहे ना." माझ्या कपाटात होता, जिथं यंत्र असायचं तिथं.

"पाठवता का? उगीच. जवळ असावा वाटतं."

माणसाला म्हातारपणी हातातली वस्तू जवळ असावी वाटते. मी धुऊन, पुसून पाठवला.

आज संध्याकाळी मन्नूबियाचा फोन. आवाजात मला कित्येक वर्षांत न ऐकलेला उत्साह. "लेल्ला, तुमचे मुकादम पुन्हा माणसात आले बघा. सकाळपासून गाणं चाललंय. दाढी केली. पिशवी तर कालच भरून ठेवली."

"कुठं निघाले?"

"स्फाक्सला. शहराबाहेर घाणा आहे ना, त्या हाजींनी बोलावलंय, त्यांचा माणूस सोडून गेला. खड्डा उपसून द्यायचा, मग हंगामभर ठेवून घेतो म्हणाले. उद्याची पहिली बोट. मी म्हटलं, अहो, वय काय तुमचं. तर म्हणतात, मन्नूबिया, घाण्यात उभा राहिलो तर नाक परत येईल."

मी म्हटलं, त्यांना द्या.

"लेल्ला," ते म्हणाले, आणि आवाज तसाच, दारात उभे असल्यासारखा. "रागावू नका. तुमच्याकडे आता पंप आहे, तुम्हाला माझं काय काम. म्हणून दुसऱ्या दारी चाललो."

"अम खमीस, अडुसष्ट वर्षांचे झालात. थंडी तोंडावर आली. गुडघे..."

"गुडघ्यांचं तुमचा पोरगाही म्हणाला होता."

"त्यांच्याकडे यंत्र आहे का?"

"दिवा आहे ना माझा. तुम्हीच पाठवलात." मग जरा हळू, मला धीर द्यावा तसं म्हणाले, "काळजी करू नका. त्या दिवसाचा धडा घेतलाय मी. यंदा पेला पूर्ण पिणार. हवं तर दोन."

आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, "गरम कपडे घ्या बरोबर."

त्यानंतर हाजींनाही फोन केला. तिथं दोन दिवसांनी खड्डा उघडणार आहेत. मी म्हटलं, आमचा पंप नेऊन लावा, वजदी येईल. ते म्हणाले, "लेल्ला, बेचाळीस वर्षांचा हात मिळालाय मला, पंप कशाला? आणि तुमच्या अहवालात तर आलंच होतं, खड्ड्याचा दोष नव्हता, माणूस विसरला होता म्हणून. आता नाही विसरणार तो."

माझीच ओळ मला परत आली.

जेवताना वजदीला सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला. "पण उम्मी, दिव्याचं त्यांना कोणीतरी समजावलं असेल ना? इस्पितळात? तूच?"

"हो," मी म्हटलं.

तो जेवायला लागला. "मग नाही उतरणार. उगीच मजेत बोलले असतील."

तो झोपला आणि मी हे लिहायला बसले, कारण असं लिहिलं तरच मला दिसतं, एकाखाली एक. अम खमीस यांना वाटतं की चूक अर्ध्या पेल्याची होती. पाच वर्षं ते त्या उरलेल्या अर्ध्या पेल्याचा विचार करत बेटावर बसलेत. पूर्ण प्यायला असता तर नाक असतं, घाणा असता, ट्रक असते. आणि आता ते तो अर्धा पेला प्यायला निघालेत. या वेळी तिसऱ्या पायरीवर हुंगायलाही नाक नाही. दोन पेले प्याले काय आणि दहा प्याले काय, दिवा जळतच राहणार.

थंडी, गुडघे, वय, ही सगळी कारणं खरी आहेत आणि त्यांतलं एकही त्यांना थांबवणार नाही. थांबवेल ते एकच. की तो दिवा कधीच राखणदार नव्हता, त्यांच्याही वेळी नाही, माझ्या आजेसासऱ्यांच्याही वेळी नाही. बेचाळीस वर्षं त्यांचं नशीब जळत होतं. की हे मला पहिल्या वर्षापासून माहीत होतं. की ज्या वहीत ते जीभ दातांत धरून सही करायचे, तिच्यातले शून्य मी खुर्चीत बसून लिहिले होते. की ते विसरले नव्हते, त्यांच्या हातात यंत्र कोणी कधी दिलंच नव्हतं. की माझ्या मुलाच्या जागी ते उतरले आणि मी खिडकीत उभी राहून मनात अल्लाचे आभार मानले.

हे ऐकून ते काय म्हणतील, मला माहीत नाही. कदाचित काहीच म्हणणार नाहीत, आणि नोव्हेंबरात तेल कसं आहे ते विचारायला फोनही करणार नाहीत. ते मला सोसेल का, हेही माहीत नाही. त्यानंतर हाजींना सांगावं लागेल, आणि निरीक्षकांनाही, वही पुढे ठेवून. वजदीला तर सकाळीच.

आणखी एक सांगायचं आहे, त्यांनी ऐकून घेतलं तर. आमच्या घाण्यावर खड्ड्याच्या तोंडाशी बसायला एक माणूस लागतो. नियमातच आहे. त्यानं खाली उतरायचं नाही, दुसऱ्या कोणाला उतरू द्यायचं नाही, यंत्राचा आकडा बघायचा, आणि आकडा चढला की सगळ्यांना मागं हाकलायचं, मालकाच्या मुलालाही. त्याला नाक लागत नाही. ती खुर्ची आम्ही दर वर्षी कोणा ना कोणाला देतो, आणि दर वर्षी तो माणूस खुर्ची सोडून गप्पा मारायला जातो. अम खमीस गेले नसते. ते मुकादम आहेत, चहा पीत एका जागी बसायची त्यांना सवय आहे.

बेटावर लोक लवकर उठतात. पहिल्या बोटीचा माणूस तर अजानच्याही आधी. आता त्यांच्या स्वयंपाकघरात दिवा लागला असेल, मन्नूबिया भाकरी बांधून देत असेल, पिशवीत टॉवेलात गुंडाळलेला तो दुसरा दिवा असेल.

शब्द जुळवत बसले तर बोट सुटेल. पहिलं वाक्य एवढंच ठरवलंय: अम खमीस, चहाचा काही दोष नव्हता. पुढचं बोलता बोलता येईल. फोन लावते.